वेळेत आलेला पहिला पेशंट

अमळनेरला पिंजाऱ्यांच्या गल्लीत असलम पिंजारींचं घर. गाद्या आणि रजया भरून देण्याचा पिढीजात धंदा. घरात कापसाचं तूस असं उडायचं की पाहुण्यालाही दोन घटका बसलं की शिंका यायच्या. सादिया ही त्यांची थोरली मुलगी. आज ती अनेर नदीच्या काठी, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे.

ती नववीत असताना एका सकाळी तिची आई खातून भाकरी थापत होती. थापता थापता हात थांबला. पीठ काठवटीत तसंच राहिलं आणि आई तव्याकडे नुसती बघत बसली. तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा सादियानं हाक मारली. आईनं मान वळवली, तर तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली. शेजारच्या इंदिराबाई धावत आल्या आणि बघताक्षणी म्हणाल्या, "अंगावरून वारं गेलं हिच्या."

पुढचे चार दिवस घरातले जो तो सांगेल ते करत होते. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, ते चोळलं. अंगाला वारा लागू नये म्हणून भर उन्हाळ्यात रजयांखाली निजवलं. रजया घरात भरपूर होत्या. शेवटी डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्यांनी पायाला टाचणी टोचून पाहिली आणि असलमभाईंना म्हणाले, "आता आणलंत होय?"

त्यानंतर खातूनबी कित्येक वर्षं जगल्या. जिभेवर एकच शब्द राहिला होता, "बा". भूक लागली तरी बा, लेकीला हाक मारायची तरी बा. त्यांना कुशीवर वळवणं, केस विंचरणं, घास भरवणं सगळं सादियाकडे. पुढे ती नर्सिंगला गेली ती काही सेवेच्या ध्यासानं नाही. घरी रोज जे करत होती त्याचाच बाहेर पगार मिळतो, हे तिला कळलं होतं. आई गेली तेव्हा ती ट्रेनिंगच्या होस्टेलवर होती.

ग्रामीण रुग्णालयात तिला लकव्याचे पेशंट नवे नव्हते. डोंगरातल्या पाड्यांवरून यायचे, खालच्या केळीच्या गावांतून यायचे. कुणी दुसऱ्या दिवशी, कुणी आठवड्यानं. बहुतेकांच्या अंगाला तेलाचा नाहीतर रक्ताचा वास असायचा. ती लघवीची नळी घालायची, गोळ्या द्यायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून वळवायची आणि घरी पाठवायची. करण्यासारखं दुसरं काही असतं, हे तिला माहीतच नव्हतं.

ते तिला पुण्याला कळलं. सरकारनं पक्षाघाताच्या प्रशिक्षणासाठी तालुक्यातालुक्यातून सिस्टर बोलावल्या होत्या. रुग्णालयाचे मुख्य डॉ. झुलाल बडगुजर यांनी सादियाचं नाव कळवलं. तिथं एका बाईंनी मेंदूचं चित्र दाखवून समजावलं की, बहुतेक लकव्यात रक्ताची गुठळी अडकलेली असते. साडेचार तासांच्या आत माणूस आला, सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही असं दिसलं, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. वाकडं झालेलं तोंड सरळ होऊ शकतं. एका पेशंटचा व्हिडिओही त्यांनी दाखवला. उचललेला हात धपकन खाली पडत होता, तोच हात दुसऱ्या दिवशी चहाचा कप धरून होता.

बाकीच्या सिस्टर भराभर लिहून घेत होत्या. सादिया तो हात बघत राहिली. जेवणाच्या सुट्टीत तिनं अब्बांना फोन लावला आणि काय सांगायचं ते न सुचून "जेवलात का?" एवढंच विचारलं.

परत आल्यावर तिनं झपाटल्यासारखं शिकवायला सुरुवात केली. आधी वॉर्डातल्या सिस्टर आणि वॉर्डबॉय. मग आशाताईंची महिन्याची बैठक. पुण्याचा तक्ता इथं चालणारा नव्हता. त्यावरचे शब्द जड आणि चित्रातला माणूस टाय लावलेला. तिनं तो गुंडाळून ठेवला आणि तीनच गोष्टी सांगितल्या. माणसाला म्हणायचं हास. म्हणायचं दोन्ही हात वर कर. म्हणायचं नाव सांग. तोंड वाकडं, हात खाली, नाहीतर बोलणं बोबडं, यातलं एक जरी दिसलं तरी उठायचं आणि निघायचं. तेल नाही, रक्त नाही, भगताकडे नाही. तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी रुग्णालयाच्या ओट्यावर ती हेच बाजाराला आलेल्या बायांना सांगायची. त्यात एकदा बिजलीबाई होती. वरच्या पाड्यावरची पावरा आदिवासी बाई, डिंक आणि चारोळी विकायला उतरलेली. तिची सून सुनिता त्याच पाड्याची आशा, तिनंच सासूला ओढत आणलं होतं. पेशंट कोण होणार म्हटल्यावर बायका लाजून मागं सरल्या. बिजलीबाई पदर खोचून पुढं आली, ओट्यावर बसली आणि तिनं तोंड असं काही वाकडं केलं की सगळा ओटा हसायला लागला.

"नाव सांग, अक्का," सादिया म्हणाली.

बिजलीबाईनं जिभेला गाठ मारल्यासारखं "बि... बि..." केलं आणि मग स्वतःच खुदकन हसली. "सांगस नही!" म्हणाली. "मना नवराले विचार."

डॉ. बडगुजर खिडकीतून बघत होते. निवृत्तीला आलेले, सौम्य गृहस्थ. नंतर चहा घेताना म्हणाले, "छान शिकवतेस. लोक येतील आता वेळेवर."

"यायलाच पाहिजेत, सर."

"हो," ते म्हणाले आणि कपातली साय बोटानं बाजूला काढत बसले.

पाऊस सरून ज्वारी कापणीला आली होती तेव्हा एका सकाळी सुनिताचा फोन आला. ती धापा टाकत होती. तिचा सासरा, बिजलीबाईचा नवरा खाज्या, अंगणात टोपली विणत बसला होता. बांबूची कांब हातातून सुटली. उचलायला गेला तर हात जाईना. बिजलीबाई चुलीपाशी होती. तिनं तिथूनच पाहिलं, उठून आली, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "हास." खाज्यानं हसायचा प्रयत्न केला. अर्धंच तोंड हललं.

ॲम्ब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन गेली होती. पण सुनिता ॲम्ब्युलन्सची वाट बघत थांबली नाही. खाली केळीचा माल भरायला आलेली पिकअप गाडी उभी होती. तिच्या ड्रायव्हरला तिनं हात जोडले. त्यानं अर्धे घड बांधावर उतरवले, केळीच्या पानांवर खाज्याला आडवं केलं आणि गाडी सोडली. पाड्यावरच्या भगतानं वाट अडवली होती म्हणे. बिजलीबाई त्याला म्हणाली, "नंतर ये."

गाडी रुग्णालयाच्या दारात आली तेव्हा सादियानं सुनिताला आधी वेळ विचारली. वेळ भरपूर होता! सादियाच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत वेळेत आलेला हा पहिला पेशंट. समोर एका माणसाचं तोंड वाकडं झालेलं आणि तिला मात्र हसू फुटत होतं. ते तिनं ओठ चावून आवरलं.

खाज्याचा उजवा हात अजून थोडा उचलला जात होता. त्यानं तिची बोटं धरली, पकड सैल होती पण होती. बोलणं अडखळत होतं, तरी नाव सांगितलं त्यानं. साखर पाहिली, रक्तदाब पाहिला, सलाईनची सुई लावली. डॉ. बडगुजरांनी शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला फोन केला. तिथं सीटी स्कॅन होतं, आणि भागातल्या लकव्याच्या पेशंटनी तिथंच जायचं असं ठरलेलं होतं. "पाठवा," तिकडून सांगितलं. तेवढ्यात ॲम्ब्युलन्सही परतली. सादिया स्वतः सोबत निघाली. बिजलीबाई पायाशी बसली. रस्ताभर सादिया खाज्याला बोलतं ठेवत होती.

"आबा, ही कोण?"

"बि... जली," खाज्या म्हणायचा आणि बिजलीबाई मान खाली घालायची. नवऱ्यानं चारचौघांत नाव घेतल्यावर लाजावं तशी.

शहरात सगळं नीट झालं. स्ट्रेचर तयार होतं. स्कॅनच्या खोलीत दुसरा पेशंट होता, त्याला थांबवून खाज्याला आत घेतलं. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती, रूही नावाची. स्कॅन बघून ती बाहेर आली. "रक्तस्राव नाहीये," म्हणाली. "वेळ आहे आपल्याकडे. इंजेक्शन काढा."

आतल्या सिस्टरनं फ्रिज उघडला आणि ती तशीच उभी राहिली.

"काय झालं?" डॉ. रूहीनं विचारलं.

"मॅडम, दोनच होती. गेल्या महिन्यात मुदत संपली. परत पाठवली."

"आणि नवीन?"

"मागवलीच नव्हती. कुणी वेळेत येतच नाही ना, मॅडम. पडून पडून वाया जातात, म्हणून..."

डॉ. रूहीनं फ्रिजमध्ये स्वतः हात घालून सगळे खण चाचपले. सादियाही तिच्यामागं जाऊन उभी राहिली, जणू आणखी दोन डोळ्यांनी काही सापडणार होतं.

मग फोन सुरू झाले. डॉ. रूहीनं एका खाजगी हॉस्पिटलला फोन केला. इंजेक्शन होतं, पण त्यांचे मेंदूचे डॉक्टर परगावी गेले होते आणि त्यांच्याशिवाय तिथं पेशंट घेत नव्हते. "नुसतं इंजेक्शन द्या, आम्ही देतो इथं," ती म्हणाली. तिकडच्या माणसानं विचारून सांगतो म्हटलं. तो काही परत बोलला नाही. सादियानं औषधाच्या दुकानांना फोन केले, एकानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. शेवटी एक घाऊक विक्रेता मिळाला. चांगला माणूस होता, आवाजावरूनच कळत होतं. "ताई, आहे माझ्याकडं," तो म्हणाला. "नाशिकच्या गोदामात. उद्या सकाळच्या गाडीनं पाठवतो."

"आज नाही होणार, भाऊ?"

"आज कसं होणार हो?"

दुसऱ्या जिल्ह्याच्या रुग्णालयात घेऊन जावं, तर ते रस्त्यातच वेळ संपवणारं होतं. तरी विचारलं. त्यांच्याकडेही नव्हतं.

फोन करायला आता नंबर उरले नव्हते. डॉ. रूही टेबलाच्या कडेला टेकली. वयानं सादियाच्या धाकट्या बहिणीएवढी. "सिस्टर, मी याच्या आधी एकदाच दिलंय हे," ती म्हणाली. "शिकताना. सरांनी शेजारी उभं राहून द्यायला लावलं होतं."

खाज्याला रक्त पातळ करायची गोळीसुद्धा देता येईना, गिळताना ठसका लागत होता. सादिया कॉटपाशी जाऊन बसली. मधूनमधून ती त्याचा उजवा हात उचलून सोडायची. आधी तो हळूहळू खाली यायचा. मग लवकर यायला लागला. दुपार कलली तेव्हा सुटल्याबरोबर चादरीवर पडला. बोटं तिच्या बोटांत होती, पण पकड नव्हती.

"आबा, ही कोण?"

खाज्यानं बिजलीबाईकडे पाहिलं. ओठ हलले. "हां," तो म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा "हां".

पुण्याला चित्रात जे बघितलं होतं ते सादियाच्या डोळ्यांपुढे होत होतं. कोणती नस, कोणता भाग, आता काय मरतंय, सगळं तिला ठाऊक होतं. नसतं ठाऊक तर बरं झालं असतं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. आईच्या वेळी निदान काय चाललंय ते कळत तरी नव्हतं.

बिजलीबाई इतका वेळ जमिनीवर बसून सगळ्यांच्या पायांकडे बघत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती उठली आणि सादियाच्या खांद्याला हात लावून आपल्या मोडक्या अहिराणीत म्हणाली, "बहीण, सुई कवय देशात?"

सुई कधी देणार. सादियानं तिला सांगितलं. औषध इथं नाही, उद्या येईल, पण उद्या आलं तरी चालणार नाही.

बिजलीबाईला आधी समजलंच नाही. मग समजलं. "पन तू सांगेल व्हतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "लवकर या सांगेल व्हतं. आम्ही लवकर उनूत. तेल नही लावं, पानी नही पाजं. बठ्ठं तू सांगं तसंच करं ना आम्ही?"

"हो, अक्का. बठ्ठं, सगळं बरोबर करं तुम्ही."

"मंग?"

सादियानं खाज्याला कुशीवर वळवलं आणि पाठीमागं उशी लावली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती ओट्यावरच बसून राहिली. नवरा अरशद एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला, शेजारी बसला आणि सगळं ऐकून घेतलं. गाडीचा एखादा भाग मिळत नाही म्हणून डेपोत उभ्या राहिलेल्या बसची गोष्ट त्याच्या तोंडाशी आली असावी. त्यानं ती सांगितली नाही, हे त्याचं मोठेपण.

डॉ. बडगुजरांनी वर कळवलं. नुसतं कळवून थांबले नाहीत, निवृत्त होण्याआधी दोनदा स्वतः जाऊन बसून आले. डॉ. रूहीनंही तिच्या बाजूनं पाठ सोडली नाही. हिवाळा संपता संपता त्या मोठ्या रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये इंजेक्शनं आली. डॉ. रूहीनं सादियाला फोन करून सांगितलं. "आली एकदाची. आता पाठवा कुणी."

मधल्या काळात सादिया पाड्यावर जाऊन आली होती. खाज्या अंगणात भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला. अर्धी विणलेली टोपली कुणी तरी उचलून छपरात खोचली होती. सादियाला बघून तो डाव्या बाजूनं हसला आणि "हां" म्हणाला. त्याचा मुलगा लखन ऊसतोडीला जायचा. यंदा तो घरीच राहिला होता. बिजलीबाईनं चहा केला. सादियानं तिला हाताची बोटं कशी मोकळी करायची, खांदा कसा धरून हलवायचा, खाताना हनुवटी खाली कशी ठेवायची ते दाखवलं. बिजलीबाईनं सगळं लक्ष देऊन पाहिलं, एकदा करूनही दाखवलं. त्या दिवसाचा विषय तिनं काढला नाही. काढला असता तर सादियाला सोपं गेलं असतं.

निघताना सुनिता वाटेपर्यंत सोबत आली. "ताई," ती म्हणाली, "पुढच्या बैठकीत हेच शिकवणार का?"

"हो. का गं?"

"नाही, असंच." तिनं वाटेवरची फांदी बाजूला सारली. "पाड्यात सांगायला गेले की लोक माझ्या दारात बघतात. सासरे तिथंच बसलेले असतात."

तरी सादियानं पुढची बैठक घेतली. हास, हात वर कर, नाव सांग. आशाताई ऐकत होत्या, माना हलवत होत्या. पेशंट कोण होणार, असं मात्र तिनं विचारलं नाही. तिनं स्वतःच तोंड वाकडं करून दाखवलं. कुणी हसलं नाही.

पळस फुलला होता तेव्हा पलीकडच्या पाड्यावरून भागाबाई नावाच्या म्हातारीला आणलं. डावी बाजू पूर्ण गेलेली, डोळे मिटलेले. मुलानं पाठीवर घेतली होती, सून मागून पाय सावरत होती. म्हातारीच्या अंगाला तेलाचा उग्र वास येत होता.

"कधी झालं?" सादियानं विचारलं.

"परवा, बाजाराच्या दिवशी," मुलगा म्हणाला.

सादियाचा आवाज तिच्याही नकळत चढला. "परवा? तुमच्या पाड्यावर आशा येऊन सांगून गेली होती ना? लगेच आणायचं म्हणून? आता तिकडं औषध आहे, माहीत आहे का? फ्रिजमध्ये आहे!"

मुलगा गांगरला. त्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोच बोलली, मान खाली घालून, पण स्पष्ट. "सांगेल व्हतं, बाई. पन खाज्याले तं लवकर लई गयथात ना? काय व्हयनं?"

खाज्याला तर लवकर नेलं होतं, त्याचं काय झालं. सादिया उभी राहिली. ओट्याच्या पलीकडे बाजाराला आलेल्या बायका थांबून बघत होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींनी तिचं ऐकलं होतं आणि सगळ्यांना खाज्या माहीत होता. औषध नव्हतं तेव्हा माणूस वेळेत आला. आता औषध आहे, तर त्याच माणसाकडे बोट दाखवून लोक घरी थांबताहेत. हे कुठल्या तोंडानं आणि कुणाला समजावून सांगायचं? समजावलं तरी त्यांनी का विश्वास ठेवावा?

तिनं भागाबाईंना आत घेतलं. मुलगा निरोप्यासारखा दाराशीच उभा राहिला. सून आत आली. सादियानं म्हातारीची ओली चोळी बदलली, तेल पुसलं, कुशीवर वळवलं. संध्याकाळी म्हातारीनं डोळे उघडले आणि सादियानं तपासायला दिलेलं चमचाभर पाणी ठसका न लागता गिळलं.

"बोलेल का ती?" सुनेनं हळूच विचारलं.

"माहीत नाही," सादिया म्हणाली. "ये इथं. पाणी पाजताना आधी बसवायचं हिला. असं, पाठीला हात देऊन. मग अर्धा चमचा. गिळलं का बघायचं, आणि मगच दुसरा."

सुनेनं चमचा हातात घेतला. म्हातारीच्या ओठांच्या एका कोपऱ्यातून पाणी बाहेर ओघळलं. तिनं ते पदरानं टिपलं आणि पुन्हा अर्धा चमचा भरला.